दोन इंच वर उचललेली जीप

तात्यासाहेब मगदूम यांनी एखादं काम मनावर घेतलं की ते झालंच म्हणून समजायचं, असं सगळं कोल्हापूर म्हणत होतं. निदान तात्यासाहेबांचं तरी तसं म्हणणं होतं.

राजारामपुरीत पाण्याच्या पंपांचं दुकान त्यांनी उभी हयात चालवलं. विहिरीचा पंप असो की बोअरचा, गिऱ्हाइकाच्या हवाली करताना त्यांचं वाक्य ठरलेलं असायचं, "बिघडायचा न्हाय. बिघडलाच तर पंपाची चूक, माझी न्हाय." आता दुकान पुतण्या बघत होता आणि तात्यासाहेब घरी बसून पंख्याचा आवाज, गॅसचा रेग्युलेटर आणि बायकोचा स्वयंपाक यांच्यावर देखरेख करत होते. अशा माणसाला एक जीप दोन इंच वर उचलून घेणं म्हणजे कुकरचं रबर बदलण्यातला प्रकार.

"शनिवारी वसीमकडं सोडतो, सोमवारी घरात," ते त्रिशलाबाईंना म्हणाले. "ऋषभ आला की बघून गारच पडला पायजे."

"तो येतो म्हणाला, का येऊ बघतो म्हणाला?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

तात्यासाहेबांनी पेपर तोंडापुढं धरला.

जीप ऋषभची. एकुलता एक पोरगा, इंजिनिअर झाला आणि पहिल्या नोकरीत ही जुनी जीप घेऊन आला. दर रविवारी पन्हाळ्याच्या मागच्या बाजूला चिखलात घालायचा आणि संध्याकाळी दोघंही, तो आणि जीप, तळ्यातनं निघालेल्या म्हशीसारखे घरी यायचे. जीप थोडी उंच करून घ्यायची त्याची फार इच्छा होती. "तात्या, दोनच इंच," असं तो जेवताना, उठताना, बसताना म्हणायचा. तात्यासाहेबांनी एका वाक्यात विषय मिटवला होता, "जीप हाय का उंट? तुझी आई चढायची कशी?"

मग ऋषभ मेलबर्नला गेला. जीप बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून राहिली. तात्यासाहेब रोज सकाळी कव्हर काढायचे, इंजिन चालू करायचे, थोडा वेळ आत बसायचे, बंद करायचे, कव्हर घालायचे. बॅटरी उतरू नये म्हणून, असं ते सांगत. बॅटरीला एवढा वेळ आत बसावं लागत नाही, हे त्रिशलाबाईंना ठाऊक होतं. पण त्या बोलत नसत.

ऋषभचा फोन रविवारी दुपारी यायचा. तिकडं तेव्हा संध्याकाळ. "जेवलात?" "जेवलो. तू?" "आता करतोय. तब्येत?" "बरी हाय. तुझी?" "बरी." मग दोन्हीकडं शांतता. मग ऋषभ म्हणायचा, "बरं, ठेवतो." दिवसभर वाट बघून ताटात पापडाचा तुकडा पडावा, तसं व्हायचं. अशाच एका रविवारी तो म्हणाला होता, "डिसेंबरात येऊ बघतो." त्यातलं 'बघतो' तात्यासाहेबांच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

वसीमचं गॅरेज उद्यमनगरात. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. चाकांच्या अलाइनमेंटमध्ये त्याचा हात धरणारं कोणी नाही, असं त्याच्या गल्लीत मानत. त्यानं चारही स्प्रिंगांखाली जाड चकत्या बसवल्या, लांब शॉकअप घातले आणि सोमवारी खरोखरच जीप दारात आणून उभी केली. जीप अशी दिसत होती की जणू टाचा वर करून गल्लीत कोण येतंय ते बघतीय.

"आणि एक," वसीम म्हणाला, "स्टेअरिंगचं काम ऱ्हायलंय. गाडी वर गेली की खालचं माप बदलतंय. दोन दिवसांनी परत आणा, स्प्रिंग बसू द्यात."

"बघू की," तात्यासाहेब म्हणाले. सोमवार म्हणजे सोमवार. मंगळवारचं काम त्यांच्या हिशेबात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्रिशलाबाईंना कागलला न्यायचं ठरवलं. तिथं त्रिशलाबाईंची धाकटी बहीण भाग्यश्री राहायची. जीपमध्ये चढायला घरातलं प्लास्टिकचं स्टूल खाली आणलं. त्रिशलाबाई स्टुलावर चढल्या, स्टुलावरून जीपमध्ये चढल्या आणि मग दोघांच्या लक्षात आलं की कागलला उतरायला स्टूल लागेल. स्टूल त्यांच्या मांडीवर दिलं.

हायवेला लागल्यावर गंमत सुरू झाली. रस्ता सरळ, जीप सरळ, पण स्टेअरिंग डावीकडं पाव फेरी वळलेलं. तात्यासाहेबांच्या मनाला ते पटेना. ते स्टेअरिंग सरळ करायला गेले की जीप उजवीकडं निघायची. जीप सरळ केली की स्टेअरिंग वाकडं. त्यात हवेची झुळूक आली तरी गाडी हलकीशी झुलायची. मागचे ट्रक हॉर्न वाजवून वाजवून दमले.

पुढं एका ट्रॅफिक हवालदारानं हात केला.

"पावणं, कुठनं आलायसा?"

"राजारामपुरी."

"ते न्हवं. कुठं बसून आलायसा?" त्यानं नाक पुढं केलं. "जरा तोंड इकडं करा बघू."

तात्यासाहेबांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तेवढ्यात मांडीवरच्या स्टुलावरून वाकून त्रिशलाबाई म्हणाल्या, "साहेब, हे कांदा बी खात न्हाईत. गाडी उचलल्यापास्नं अशी चालतीय."

हवालदारानं जीपकडं पाहिलं, स्टुलाकडं पाहिलं, आणि त्याला दया आली असावी. "काकी, पुढच्या वळणावर गाडी फिरवून घरला जावा," तो म्हणाला.

घरी आल्यावर तात्यासाहेब पेपर तोंडापुढं धरून बसले. त्रिशलाबाईंनी मात्र स्टेअरिंगचा फोटो काढून ऋषभला पाठवला. खाली लिहिलं, 'तात्यांनी तुझी जीप उचलली. आता वाकडी चालतीय.'

आणि मंगळवार असून फोन आला.

"तात्या, तुम्ही लिफ्ट केली? खरंच? तुम्ही?" ऋषभचा आवाज असा होता, जसा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी होता. "थांबा, व्हिडिओवर या. जीपखाली जाता येतंय का?"

तात्यासाहेब जीपखाली शिरले. पूर्वी जमलं नसतं, पण आता पोटापुरती वाढीव जागा झाली होती. मोबाइल त्यांच्या नाकासमोर, मोबाइलमध्ये ऋषभ, आणि बाहेर त्रिशलाबाई उजेडाला हातातली बॅटरी धरून बसलेल्या. ऋषभनं सगळं समजावून सांगितलं. गाडी वर गेली की खालचा आडवा रॉड तोकडा पडतो आणि चाकांचा दांडा एका अंगाला ओढतो. मग स्टेअरिंगकडून चाकाकडं जो रॉड जातो, त्याचीही लांबी तेवढीच बदलावी लागते. त्या रॉडवर लांबी कमीजास्त करायला फिरकी असते. दोन नट सैल करायचे, फिरकी फिरवायची, नट घट्ट करायचे. "नट घट्ट असतील तर धोका काही नाही," तो म्हणाला. "फिरकी चुकली तर फक्त स्टेअरिंग वाकडं दिसतं. आणि गाडी झुलतीय ते वसीमभाईंना सांगा, चाकाचा मागचा कलही बघायला लागेल."

जवळजवळ तासभर तो बोलत होता. मधेच त्याला पन्हाळ्याचा चिखल आठवला, मधेच तात्यांनी एकदा धक्का मारून जीप काढून दिली होती ते आठवलं, आणि तो हसला. तात्यासाहेब पाठीला फरशी टोचत असताना हलले नाहीत. तीन वर्षांत लेकाचा चेहरा एवढा वेळ त्यांनी बघितला नव्हता. हनुवटीवर नवी दाढी होती. डोळ्यांखाली थोडं काळं होतं.

वसीमनं दोन दिवसांत सगळं सरळ केलं. जीप अशी चालायला लागली की स्टेअरिंग सोडून, हात जोडून नवकार मंत्र म्हणावा. रविवारी ऋषभनं विचारलं, "जीप?"

"एकदम सरळ," तात्यासाहेब अभिमानानं म्हणाले.

"झकास. जेवलात?"

"जेवलो."

"बरं, ठेवतो."

फोन ठेवल्यावर तात्यासाहेब बराच वेळ तो हातात धरून बसले. उभ्या आयुष्यात एखादी वस्तू दुरुस्त झाल्याचं त्यांना पहिल्यांदाच वाईट वाटत होतं.

पुढच्या बुधवारी त्यांनीच फोन लावला. "परत जरा डावीकडं वाटतंय," ते म्हणाले, भिंतीकडं तोंड करून. ऋषभ लगेच व्हिडिओवर आला. आता त्याला वाकडं स्टेअरिंग दाखवायचं तर ते वाकडं असायला हवं. "खाली अंधार हाय, वीज आल्यावर दाखवतो," असं सांगून तात्यासाहेबांनी वेळ मारून नेली, पाना शोधला आणि दुपारी बिल्डिंग झोपल्यावर ते जीपखाली शिरले. दोन नट सैल, फिरकी, नट घट्ट. पंपांत आयुष्य गेलेल्या माणसाला ते अवघड नव्हतं.

त्यानंतर हा नेमच झाला. तात्यासाहेबांनी वाकडं करायचं, ऋषभनं तासभर बोलायचं, वसीमनं येऊन सरळ करायचं. वसीम प्रत्येक वेळी पैसे नको म्हणायचा आणि प्रत्येक वेळी त्याचा चेहरा आणखी उतरलेला असायचा. "तात्या, माझी अलाइनमेंट अशी कधी हललेली न्हाय," तो म्हणायचा. उद्यमनगरात शेजारचे गॅरेजवाले त्याला विचारायला लागले होते, "काय वसीम, ह्या आठवड्याला टिकली का?" तात्यासाहेब त्याला चहा द्यायचे आणि कपाकडं बघत बसायचे.

मग एक विचित्र गोष्ट घडली. एका मंगळवारी तात्यासाहेबांनी जीपला हातही लावला नव्हता, तरी स्टेअरिंग वाकडं. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या हातानं फिरकी फिरवली, तर स्टेअरिंग सरळ. अगदी ओळंब्यात. त्यांना घाम फुटला. जीपला आता स्वतःची मतं आली होती.

वसीमनं त्या फिरकीवर पांढऱ्या रंगाची खूण करून ठेवली. दोन दिवसांनी येऊन पाहिलं तर खूण खाली गेलेली. तो जीपखालून बाहेर आला आणि हात पुसायचंही विसरला. "तात्या, हे कुणाचं तरी काम हाय. कुणाचा तरी हात हाय ह्यात."

ऋषभनं ते ऐकलं आणि तो भडकला. बिल्डिंगचे सेक्रेटरी पिराजी सुतार यांच्याशी पार्किंगवरून पूर्वी कधी तरी बोलाचाली झाली होती. "तेच असणार," ऋषभ म्हणाला. तात्यासाहेबांना बोलायची ही संधी होती. ते बोलले नाहीत. नुसतं "तसं म्हणता यायचं न्हाय," असं पुटपुटले, आणि त्याचा अर्थ ऋषभनं भलताच घेतला. त्यानं तिकडून एक छोटा कॅमेरा मागवून दिला. वसीमनं स्वतः येऊन तो पार्किंगच्या खांबावर बसवला. मेलबर्नमध्ये बसून ऋषभला मोबाइलवर जीप दिसणार, असा तो कॅमेरा होता.

चार दिवस जीप सरळ राहिली. वसीमच्या तोंडावर तेज आलं. ऋषभचा फोन आला नाही. चोर घाबरला, एवढा एक मेसेज आला.

पाचव्या दिवशी दुपारी त्रिशलाबाई म्हणाल्या, "मी देवळात जाऊन येते." तात्यासाहेबांनी मान हलवली. त्या गेल्यावर थोडा वेळ ते हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते. मग त्यांनी पाना घेतला, डोक्यावर टोपी घातली आणि ते खाली आले. खांबाच्या मागच्या बाजूनं, भिंतीला पाठ लावून, तोफेच्या माऱ्यातून जावं तसे ते सरकले, आणि हात लांब करून डोक्यावरची टोपी त्यांनी कॅमेऱ्यावर ठेवली. टोपी बरोबर बसली. बिघडलेल्या पंपाचंही तोंड त्यांनी आयुष्यात असं बंद केलं नव्हतं.

ते जीपखाली शिरले. पहिला नट सैल केला, आणि पलीकडच्या, कॅमेऱ्यात न येणाऱ्या बाजूला त्यांना साडीचा काठ दिसला. मग एक हात आला. हातात पाना होता. मग डोकं.

"कोण हाय?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"मी."

"तू तर देवळात गेलतीस."

"आणि तुम्ही वर होता."

दोघं जीपखाली उताणे पडून एकमेकांकडं बघत राहिले. वरून तेलाचा वास येत होता.

"त्या मंगळवारी तूच फिरवलीस?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"मग काय. तुमची पाठ धरलीती. म्हटलं ह्या आठवड्याला राहून जाईल."

"आणि तुला यायला लागलं हे?"

"बॅटरी कोण धरत होतं मग? मी काय आंधळी हाय? आधी शिरता येत न्हवतं. तुम्ही वर उचलून घेतल्यापास्नं येतंय."

"कुठल्या बाजूला फिरवतीस?"

"माझ्याकडं."

"मी माझ्याकडं," तात्यासाहेब म्हणाले. "तरीच सरळ आलं."

त्रिशलाबाईंना हसू आलं. जीपखाली हसायला जागा कमी असते, त्यामुळं त्यांना ठसका लागला. तात्यासाहेबांनी पाना बाजूला ठेवून त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा प्रयत्न केला, पण मध्ये रॉड होता.

"मागं तो फोनवर हसला ना," त्रिशलाबाई ठसका थांबल्यावर म्हणाल्या, "तसा मला वाटतं शाळेत असताना हसायचा. तुम्ही नटबोल्टचं बोलत असता, मला त्यातलं काय कळत न्हाय. मी नुसती ऐकत बसते. भात लागला तरी उठत न्हाय."

तात्यासाहेब वरच्या रॉडवरचा वाळका चिखल नखानं खरवडत होते.

"डिसेंबरात येणार न्हाय तो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला बी ठाऊक हाय."

"येऊ बघतो म्हणाला."

"व्हय. बघतो म्हणाला."

"माझ्याशी बोलायला त्याच्याकडं दुसरं काय न्हाय गं," तात्यासाहेब म्हणाले. "माझ्याकडं बी न्हाय. काय विचारावं तेच सुचत न्हाय. स्टेअरिंग वाकडं असलं की सुचतंय."

बाहेर गल्लीतून एक रिक्षा गेली. मग सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत, खांबावरून, टोपीच्या आतून आवाज आला.

"तात्या. टोपी काढा."

तात्यासाहेबांचं कपाळ खाडकन रॉडवर आपटलं. कॅमेऱ्याला डोळा असतो हे त्यांना माहीत होतं. त्याला कान आणि तोंडही असतं, हे वसीमनं सांगितलं होतं, पण तेव्हा तात्यासाहेब "बिघडायचा न्हाय ना?" एवढंच विचारत होते.

दोघं बाहेर आले. तात्यासाहेबांनी टोपी काढली आणि दोघं कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, फोटोवाल्याच्या दुकानात उभं राहावं तसे, हात खाली सोडून.



"नट घट्ट करत होता का?" ऋषभनं विचारलं.

"करत होतो की. मी काय येडा हाय?"

"आई, तू?"

"ह्यांच्यापेक्षा घट्ट."

"आई, तुझ्या कपाळाला ग्रीस लागलंय."

"कुठं?"

"कुंकवाच्या वर."

त्रिशलाबाईंनी पदरानं पुसलं आणि ग्रीस कानापर्यंत नेलं. ऋषभ हसायला लागला. हसता हसता मध्येच त्याचा आवाज भलतीकडंच गेला. तो खाकरला. "मीटिंग आहे," तो म्हणाला, "ठेवतो." कॅमेरा फोनसारखा ठेवता येत नाही, हे त्या वेळी तिघांच्याही लक्षात आलं नाही.

वसीमकडं तात्यासाहेब स्वतः गेले. सगळं सांगितलं. वसीम एका टायरवर बसून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं एकच विचारलं, "म्हणजे माझी अलाइनमेंट टिकत होती?"

"टिकत होती."

"मग चला."

त्यानं तात्यासाहेबांना हाताला धरून उद्यमनगरातल्या गॅरेजांपुढून फिरवलं आणि प्रत्येक ठिकाणी त्यांच्या तोंडून ते वदवून घेतलं. माल परत आला की पंपाची चूक काढणारे तात्यासाहेब, "चूक माझी, वसीमची न्हाय," असं त्या दिवशी इतक्यांदा म्हणाले की संध्याकाळी त्यांचा घसा बसला. निघताना वसीम म्हणाला, "माझी पोरगी अर्शी पुण्याला असती शिकायला. तिच्या गाडीला काय होतच न्हाय बघा. नवी घेऊन दिली, तेच चुकलं."

पिराजी सुतारांना मात्र काही सांगावं लागलं नाही. आपल्यावर संशय आहे हे त्यांना कळलंच नव्हतं. शरमेनं टाळणारे तात्या बोलत नाहीत म्हणजे त्यांना कमी ऐकू येतंय, अशा समजुतीनं ते महिनाभर त्यांच्याशी मोठ्यानं बोलत होते.

ऋषभ आता रोज फोन करू लागला. ते जास्तच अवघड झालं. "बोला तात्या," तो म्हणायचा, आणि तात्यासाहेबांना काही म्हणजे काही सुचायचं नाही. "जेवलास?" "जेवलो." मग दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसायचे. डिसेंबरातली रजा मंजूर झाली नाही. "मार्चात बघतो," तो म्हणाला. "सवडीनं ये," तात्यासाहेब म्हणाले आणि या वेळी त्यांना 'बघतो' नीट ऐकू आलं.

दुपारी हॉलमध्ये उकडतंय, असं सांगून ते खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसायला लागले. इस्त्रीचा शर्ट घालून. कॅमेऱ्यातून कोणी बघत असलं की त्याच्यावर बारका निळा दिवा लागतो, हे त्यांना वसीमनं सांगितलं होतं. तिकडं मुद्दाम बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. ते पेपर वाचायचे.

एका दुपारी दिवा लागला. तात्यासाहेबांनी पेपरचं पान उलटलं. आवाज आला नाही. त्यांनी तेच पान परत सरळ केलं. बराच वेळ गेला. दिवा लागलेलाच होता.

"तात्या," ऋषभ म्हणाला.

"हं."

"मागचं डावं चाक जरा बसल्यासारखं दिसतंय."

तात्यासाहेबांनी जीपकडं पाहिलं. कालच वसीमनं फूटपट्टी लावून मोजलं होतं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत्या.

"न्हाय, ते तर..." ते म्हणाले, आणि थांबले. त्यांनी पेपरची घडी घातली.

"व्हय की," ते म्हणाले. "बसलंय जरा."

"बघूया?"

तात्यासाहेब उठले, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि वर गॅलरीकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, "अगं, खाली ये. येताना पाना आण."

वरून लगेच आवाज आला, "कितीचा?"